थोरला बेपत्ता, मोजा सापडला

“बाबांना शाल दे, छत्री दे, फार तर चपला दे. पण भिंग देऊ नकोस,” असं नणंदेनं फोनवर बजावलं होतं.

सूनबाईनं ते हसण्यावारी नेलं. सासऱ्यांना पेपरातली बारीक अक्षरं दिसत नाहीत, वाढदिवस तोंडावर आलाय आणि दुकानात लाकडी मुठीचं भिंग समोरच टांगलंय, एवढा सरळ हिशेब तिनं केला. “तू त्यांना ओळखत नाहीस, मी त्यांच्या हाताखाली वाढलेय,” असंही नणंद म्हणाली होती. पण घर सोडून गेलेल्या बाईचं सगळंच ऐकत बसलं, तर घरात आलेल्या बाईनं जगायचं कधी?

भिंग हातात पडलं त्या दिवशी बाबांनी पेपर वाचलाच नाही. पेपरावरचे बोटांचे ठसे तपासले.

बाबा म्हणजे निवृत्त वजनमाप निरीक्षक. एके काळी ते नाक्यावर दिसले की रस्त्याच्या दुसऱ्या टोकापर्यंतचे दुकानदार तराजू पुसायला घ्यायचे. निवृत्तीनंतर त्यांना बघून काहीही पुसणारं कोणी उरलं नाही. ती उणीव भिंगानं भरून काढली. आता दारात कोणीही आलं, मग तो नळ दुरुस्त करणारा का असेना, की बाबा कोटाची बटणं लावून ओळख करून द्यायचे: “मी घरगुती गुप्तहेर. माझ्या नजरेतून सुटलेली गोष्ट अजून जन्माला यायची आहे. गुन्हेगारी जगात माझं नाव कोणालाही माहीत नाही, आणि हेच माझं सर्वांत मोठं यश आहे.” नळवाला आदरानं मान हलवायचा आणि पान्याला हात घालायचा.

यशाची यादी मोठी होती. दुधाची पिशवी गळली, ते प्रकरण त्यांनी ‘घरभेद्याचं काम’ म्हणून मिटवलं. जिन्यातला दिवा गेला, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या एका सज्जन गृहस्थांवर पाळत ठेवली. त्या गृहस्थांनी कंटाळून स्वतःच नवा दिवा बसवला, तर बाबा म्हणाले, “बघितलंस? पुरावा नष्ट केला.” सूनबाईनं आपणहून त्यांच्याकडे एकच प्रकरण नेलं होतं: डब्यातलं पीठ रोज चमचाभर कमी होतंय. ते मात्र त्यांनी भिंगाला हातही न लावता बंद केलं. “उंदीर,” ते म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

सूनबाईचं स्वतःचंही एक खूळ होतं, ते म्हणजे सॉरडो. पीठ आणि पाणी एकत्र कालवून ठेवायचं, ते आपोआप आंबतं, बुडबुडे येतात, आणि त्याच आंबवणावर पाव फुगवायचा. बाजारची यीस्ट नाही, काही नाही. त्या आंबवणाला रोज खायला घालावं लागतं: आधी अर्धं काढून टाकायचं, मग उरलेल्यात ताजं पीठ-पाणी घालायचं. नाहीतर ते उपाशी मरतं. धाकटी पोटात असताना सूनबाईनं हे आंबवण सुरू केलं, म्हणून घरात त्याचं नाव पडलं थोरला. धाकटी झाल्यावर नोकरी सुटली, मैत्रिणी सुटल्या, झोप तर कधीच सुटली होती. पण थोरल्याचं खाणं एक दिवस चुकलं नाही. दिवसातून पाच मिनिटं तरी ती अशा कोणाचं तरी करत होती, की जो रडत नाही.

त्या रविवारी तिचा पहिला वर्ग होता. शिष्य तीनच, कारण स्वयंपाकघराच्या टेबलाभोवती चौथा बसला असता तर फ्रिज उघडला नसता. पण तिघांपैकी एक होत्या जवळच्या सभागृहाच्या व्यवस्थापिकाबाई. सभागृहाला एक मोठं, लांब ओट्याचं स्वयंपाकघर होतं आणि ते रविवारी रिकामं असायचं. “मी आधी स्वतः शिकून बघते,” बाई म्हणाल्या होत्या. “पटलं तर दर रविवारी ते तुमचं.” हे ऐकल्यापासून सूनबाई झोपेतसुद्धा त्या ओट्यावर पीठ मळत होती. हे जमलं तर ती पुन्हा कोणीतरी होणार होती. नाही जमलं तर धाकटीची आई होतीच, आणि तेही वाईट नव्हतं, पण निदान एका दिवशी तिला दुसरं काहीतरी व्हायचं होतं.

आदल्या रात्री धाकटीला झोपवता झोपवता तीच झोपली. थोरल्याला खायला घालायचं काम नवऱ्यानं अंगावर घेतलं आणि सकाळी ती उठायच्या आत तो कारखान्यात गेला. तिथे फोन फाटकावरच ठेवून घेतात.

तिचे डोळे उघडले ते बाबांच्या आरोळीनं.

“सूनबाई! मोजा सापडला!”

काल रात्रीपासून धाकटीचा एक पिवळा मोजा हरवला होता आणि बाबांनी त्याची रीतसर चौकशी सुरू केली होती. आता तो त्यांच्या कोटाच्या वरच्या खिशावर पिनेनं टाचलेला होता, पदकासारखा.

“कुठे होता?” सूनबाईनं केस बांधत विचारलं.

“मी माझी सूत्रं उघड करत नसतो.”

“बरं झालं सापडला,” ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात पळाली. सवयीनं तिनं ओव्हनच्या बटणाकडे बघितलं. मोकळं होतं. काचेतून आतलं जाड बिडाचं झाकणाचं भांडं दिसत होतं. ते ओव्हनमध्येच राहायचं, कारण दुसरीकडे ठेवायला जागा नव्हती आणि उचलायला कंबर. वर्गात भाजून दाखवायचा कणकेचा गोळा तिनं कालच फ्रिजमध्ये ठेवला होता. भांडं चांगलं तापायला पाऊण तास लागतो. तिनं ओव्हन लावला.

शिष्य आले. पहिले दातांचे डॉक्टर. बाबांनी दारातच त्यांचा हात धरून भिंगाखाली घेतला.

“बोटांवर पांढरी पूड. तुम्ही रंगारी आहात.”

“मी दातांचा डॉक्टर. आणि ही पूड तुमच्याच दाराच्या कडीची आहे. कोणीतरी पिठाच्या हातानं दार उघडलंय.”

“दातांना रंग देता, म्हणजे तेच झालं,” बाबा म्हणाले आणि समाधानानं बाजूला झाले.

मग शेजारच्या मावशी आल्या. त्यांच्या हातात भला मोठा रिकामा डबा होता. “शिकायला नाही गं आले, खायला आले. उरलं तर न्यायला.” शेवटी व्यवस्थापिकाबाई. काखेत जाडजूड पर्स, चेहऱ्यावर परीक्षकाचा भाव. सूनबाई हसली.

“आधी सगळ्यांनी हात धुवा. ओव्हन तापतोय, तोपर्यंत त्याचं दार कोणी उघडायचं नाही. एकदा उघडलं की सगळी धग बाहेर. हा पहिला नियम. आता मी तुम्हाला थोरल्याची ओळख करून देते.”

तिनं फ्रिजवरच्या फळीकडे हात नेला. फळी रिकामी होती. थोरल्याची काचेची बरणी भांड्यांच्या जाळीत होती: पालथी, स्वच्छ, घासूनपुसून चकचकीत. आणि थोरला कुठेच नव्हता.

बाबांनी कोटाचं शेवटचं बटण लावलं.

“कोणी हलू नका.”

“बाबा, आत्ता नको,” सूनबाई कुजबुजली. फळ्या, फ्रिज, ओट्याखालचं कपाट, कचऱ्याचा डबा, तिनं सगळं भराभर उपसलं. नवऱ्याला फोन लावला. तो फाटकावर एकटाच वाजत बसला असणार.

“बरणी धुतलेली आहे,” बाबा भिंगातून बरणीच्या बुडाकडे बघत म्हणाले. “चोर स्वच्छतेचा भोक्ता. घाईतसुद्धा घासल्याशिवाय राहवत नाही. तोंडात बघण्याआधी हात धुणाऱ्यातला.” त्यांनी गर्रकन डॉक्टरांकडे वळून विचारलं, “तुमचे हात ओले का?”

“आत्ताच बाईंनी धुवायला लावले म्हणून.”

“उत्तर तयार होतं!” बाबा म्हणाले. मग मावशींकडे मोर्चा वळला. “आणि तुम्ही. रिकामा डबा घेऊन आलात.”

“भरलेला आणला असता तर चाललं असतं का?”

मावशींना शेजारात कोणी हरवू शकलं नव्हतं. मग बाबांनी खुर्ची ओढली आणि ते गंभीर झाले. “चोरी नसेल तर एकच शक्यता उरते. तो जिवंत होता, असं तूच म्हणतेस. म्हणजे तो स्वतःहून गेला. वर्णन सांग. नाव?”

“थोरला,” सूनबाई रडवेल्या आवाजात म्हणाली. तिला खरं तर गप्प बसा म्हणायचं होतं, पण व्यवस्थापिकाबाई बघत होत्या.

“वय?”

“धाकटीपेक्षा थोडा मोठा.”

“उंची?”

“उपाशी असला तर चार बोटं. खाल्लं की दुप्पट.”

“आमच्या ह्यांच्यासारखाच,” मावशी म्हणाल्या.

“वर्ण?”

“गव्हाळ.”

“अहो, हरवलाय ना तो? की त्याला स्थळ शोधताय?”

“मावशी, चौकशीत अडथळा नको. घरात काही भांडणतंटा?”

“भांडण कसलं? रोज अर्धा काढून टाकायचा आणि उरलेल्याला खायला घालायचं, एवढंच.”

डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या. “रोज अर्धा काढून टाकता? मग तो राहील कशाला?”

इथे बाबांना एकदम मोठा ठसका लागला. पाणी प्यायले, चष्मा पुसला आणि विषय बदलल्यासारखे उठले. “माणूस खोटं बोलतो, काटा बोलत नाही. सगळ्यांनी आपापल्या पिशव्या टेबलावर ठेवा.”

आणि सूनबाई अडवायच्या आत त्यांनी व्यवस्थापिकाबाईंची पर्स पीठ मोजायच्या काट्यावर ठेवलीसुद्धा. काट्यानं वजन दाखवलं, बाबांनी शीळ घातली.

“दीड किलोच्या वर. एवढी जड पर्स कोणती प्रामाणिक बाई वापरते?”

व्यवस्थापिकाबाईंनी शांतपणे पर्स उघडली आणि किल्ल्यांचा एक मोठा जुडगा काट्यावर टाकला. सभागृहाची सगळी दारं त्या जुडग्यात होती. त्यातली एक पितळी, लांब दांड्याची किल्ली पुढे येऊन पडली. “स्वयंपाकघराची,” बाई म्हणाल्या, “तुमच्यासाठी आणली होती.”

‘होती’ हा शब्द सूनबाईला टाचणीसारखा टोचला.

तेवढ्यात बाबांनी नाक वर केलं. “वास!”

खरंच वास येत होता. भाजलेल्या गव्हाचा, किंचित आंबट, पोटात भूक उठवणारा.

“चोर इथेच आहे,” बाबा कुजबुजले. “याच इमारतीत. आणि निर्लज्जपणे पाव भाजतोय! माझ्यामागून या.”

पुढे भिंगवाले बाबा, मागे डॉक्टर (त्यांना आता मजा यायला लागली होती), त्यांच्यामागे किल्ल्या सावरत व्यवस्थापिकाबाई, रिकामा डबा घेऊन मावशी आणि शेवटी धाकटीला कडेवर घेतलेली सूनबाई, अशी वरात जिन्यात निघाली. बाबा एकेका दाराच्या फटीला नाक लावत होते. वरच्या मजल्यावरच्या त्या सज्जन गृहस्थांनी दार उघडलं, बाबांना बघितलं आणि न बोलता पुन्हा लावलं. मावशींच्या दाराशी बाबा थबकले.

“तुमच्या ओव्हनमध्ये काय आहे?”

“चादरी,” मावशी म्हणाल्या. “कपाटात मावत नाहीत.”

चादरी निघाल्या. खाली जाऊ तसा वास कमी, परत वर येऊ तसा जास्त. “चोर आपल्याबरोबर फिरतोय,” हा निष्कर्ष बाबांनी काढला तेव्हा वरात पुन्हा सूनबाईच्याच स्वयंपाकघरात येऊन उभी होती.

मावशींनी पदरानं वारा घेत ओव्हनकडे बघितलं. “हे काय तापतंय गं?”

“भांडं. आपल्याला त्यात पाव भाजायचाय ना. आधी रिकामंच तापवायचं असतं.”

“रिकामं आहे?”

“हो, रिकामंच.”

“मग रिकाम्या भांड्याला पावाचा वास कसा येतो?”

सूनबाईनं धाकटीला मावशींच्या शेजारी उभं केलं. मग तिनं जाड हातमोजे चढवले, पहिला नियम मोडला, भांडं ओढलं आणि झाकण उचललं.

आत स्टीलचा एक वाडगा होता आणि वाडग्यात थोरला. टोपीसारखा वर आलेला, एका कडेनं ओघळलेला, तांबूस आणि ठार कडक. डॉक्टरांनी चमच्याच्या दांड्यानं वर टकटक केलं, कान लावला आणि धंद्याच्या सवयीनं म्हणाले, “आतून पोकळ. वाचण्यासारखं काही नाही.”

“खून,” बाबा म्हणाले.

सगळं एका क्षणात उलगडलं. पाहुणे येणार म्हणून नवऱ्यानं खरकटी बरणी घासली, थोरल्याला वाडग्यात घेतलं, खायला घातलं आणि रात्रीच्या गारठ्यात ऊब राहावी म्हणून बंद ओव्हनमधल्या जाड भांड्यात झाकून ठेवलं. भला माणूस. पण मग...

“मोजा नव्हता,” सूनबाई स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. “बटणावर मोजा नव्हता!”

“मोजा?” व्यवस्थापिकाबाई.

“आमच्या घरात थोरला कधी ओव्हनमध्ये झोपवला, तर आम्ही नवराबायको बटणावर धाकटीचा मोजा चढवतो. मोजा दिसला की कोणी ओव्हन लावायचा नाही. चिठ्ठी लावली तर घाईत वाचली जात नाही, पण बाळाचा मोजा दिसला की आईचा हात आपोआप मागे येतो. आज मी बघितलं, तर बटण...”

ती थांबली. सगळ्यांच्या नजरा हळूहळू वळल्या आणि बाबांच्या कोटावर, पदकासारख्या डुलणाऱ्या पिवळ्या मोज्यावर येऊन थांबल्या.

“बाबा,” सूनबाई म्हणाली. “तुम्हाला मोजा कुठे सापडला?”

सूत्रं उघड न करणाऱ्या माणसाचा आवाज पार बसला होता. “बटणावर,” ते म्हणाले. भिंग त्यांनी टेबलावर ठेवलं आणि आपल्या खोलीत निघून गेले. धाकटी त्यांच्या मागोमाग दुडदुडत गेली.

सूनबाईला राग आला होता, आणि राग आलाय हे दाखवायचं नव्हतं, त्यामुळे ती पुसलेलाच ओटा पुन्हा पुसत राहिली. “आज वर्ग होणार नाही,” ती व्यवस्थापिकाबाईंना म्हणाली. “थोरला नाही तर काहीच नाही. नवा करायला दोन-तीन आठवडे जातात. तुम्हाला उगाच...” बाईंनी किल्ल्या पर्समध्ये टाकायला सुरुवात केली. मावशीसुद्धा गप्प होत्या, म्हणजे प्रसंग खरोखर गंभीर होता.

आणि मग सूनबाईच्या हातातलं फडकं थांबलं.

घर गप्प होतं. धाकटीचा आवाज नाही. बाबांचाही नाही. ज्या घरात रांगतं-चालतं मूल असतं, त्या घरातल्या बाईला आवाजाची भीती वाटत नाही. आवाज थांबला की तिच्या पायांना चाकं लागतात. ती धावतच खोलीपर्यंत गेली.

बाबा पलंगाच्या कडेला बसले होते. धाकटी शेजारी, पाय हलवत, अगदी शहाण्यासारखी. बाबांच्या मांडीवर मफलरमध्ये गुंडाळलेलं काहीतरी होतं.

“ये,” बाबा मान वर न करता म्हणाले. “एवढ्या प्रकरणांत पहिल्यांदाच गुन्हेगार बरोबर सापडला. मीच निघालो.”

सूनबाईचा राग निम्मा तिथेच उतरला. “हे काय आहे मांडीवर?”

त्यांनी मफलर उलगडला. काढ्याच्या जुन्या बाटलीत काहीतरी गव्हाळ होतं, वर बुडबुडे होते आणि झाकण सैल ठेवलेलं होतं.

“हा मधला,” बाबा म्हणाले.

“कोण?”

“तू रोज अर्धा काढून टाकायचीस. मी जन्मभर दुकानदारांना चिमूटभर वजनासाठी धरलं, सूनबाई. माझ्या डोळ्यांदेखत अर्धाच्या अर्धा कचऱ्यात. मला बघवेना. एक दिवस डब्यातून थोडा उचलून आणला. मग त्याला उपाशी कसा ठेवणार? रोज सकाळी चमचाभर पीठ, तेवढंच पाणी. मोजून.”

“म्हणजे पीठ...”

“उंदीर नव्हता,” बाबांनी कबूल केलं.

सूनबाई त्यांच्याशेजारी बसली. बाटली चांगली उबदार होती. “एवढे दिवस कपाटात? मला सांगायचं नाही?”

“तुला सांगितलं असतं तर तू त्याचाही अर्धा काढून टाकला असतास.” मग बाटलीचं झाकण चाचपत ते म्हणाले, “सकाळी तुम्ही सगळे कामात असता. जरा बोलतो त्याच्याशी. तो ऐकून घेतो. बुडबुडे येतात.”

एकाच घरात, भिंतीच्या दोन बाजूंना, दोघंही रोज पीठ-पाणी कालवत होते, आणि दोघांनाही वाटत होतं की आता आपल्यावाचून बाहेर कोणाचं काही अडत नाही.

“चला,” ती म्हणाली. “मधल्याला बाहेर घ्या. परीक्षा आहे त्याची.”

टेबलावर पाण्याचा पेला ठेवला. “आंबवण तयार आहे का, हे असं बघतात,” सूनबाई म्हणाली, आणि आता तिचा आवाज शिक्षिकेचा होता. “चमचाभर पाण्यात सोडायचं. तरंगलं तर पाव फुगेल. बुडालं तर आपण चहा पिऊन घरी जायचं.”

बाबांनी स्वतः सोडला. मधला पेल्यात खाली गेला, जरा रेंगाळला, मग टुणकन वर आला आणि एखाद्या साहेबासारखा पाण्यावर पहुडला.

मावशींनी टाळी वाजवली. डॉक्टरांनी बाबांचा हात हातात घेतला, या वेळी भिंगाशिवाय. पुढचे दोन तास तिघांनी बाह्या सारून कणीक ताणली, घडी घातली, थांबले, पुन्हा ताणली. बाबा प्रत्येकाचं पीठ काट्यावर तोलून देत होते आणि एका दाण्याचाही फरक चालवून घेत नव्हते. फ्रिजमधल्या गोळ्यावर सूनबाईनं पात्यानं चीर दिली, तो तापलेल्या भांड्यात सोडला, आणि तो असा फुलला की मावशींनी डब्याचं झाकण आधीच उघडून ठेवलं.

निघताना व्यवस्थापिकाबाईंनी पितळी किल्ली जुडग्यातून काढून टेबलावर ठेवली. “पुढच्या रविवारपासून. आणि यांनाही घेऊन या. वजनं कोण करणार?” मग जरा घुटमळून त्या म्हणाल्या, “आमच्या तिथे दर महिन्याला चमचे नाहीसे होतात.”

बाबांचा हात आपोआप भिंगाकडे गेला.

“सांगितलं होतं तुला,” संध्याकाळी नणंद फोनवर म्हणाली. सूनबाई हो म्हणाली. खोटं कशाला बोला?

आता तुमच्यासाठी एक काम आहे. हे वाचायला बसलात त्याला बराच वेळ झाला. मूल गप्प झालं की आपण हातातलं टाकून धावतो. वडीलधारं माणूस गप्प झालं की म्हणतो, चला, डोळा लागला असेल. तुमच्याकडे पलीकडच्या खोलीत कोणी आहे का? मग पुस्तक जरा पालथं ठेवा, उठा, दार हळूच ढकलून बघून या. कपाट उघडायला लावू नका. नुसतं विचारा, पीठ पुरतंय ना?